संगणकावरील कामामुळे जडलेले हाताचे दुखणे: विश्रांती किती घ्यावी, व्यायाम केव्हा सुरू करावा?

अक्षरलेखा (प्रश्न)

नमस्कार. मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे दिवसाचा बहुतेक वेळ कीबोर्ड आणि माउस यांच्यावरच जातो. गेल्या काही महिन्यांपासून उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूपासून मनगटापर्यंत सतत ओढ लागल्यासारखे दुखते. त्यातच आता पहाटे अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर झाल्यामुळे जाग येऊ लागली आहे; हात झटकला की थोड्या वेळाने संवेदना परत येते. मध्यंतरी मी काम पूर्णपणे थांबवले होते, तेव्हा कोपराचे दुखणे जवळजवळ नाहीसे झाले. पण पूर्वीइतके काम सुरू करताच ते पुन्हा डोके वर काढू लागले. मनगटाचा पट्टा दिवसभर बांधावा का, व्यायाम आताच सुरू करावा की दुखणे पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, आणि काम न सोडता यातून बरे होता येते का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चलनवलन

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रत्यक्ष तपासणीची जागा हे उत्तर घेऊ शकत नाही, परंतु आपल्या वर्णनात मला दोन वेगळ्या तक्रारी दिसतात आणि त्यांचे उपचारही वेगळे आहेत, म्हणून त्यांची सरमिसळ होऊ देऊ नये.

पहाटेचा बधिरपणा मनगटातील मीडियन नर्व्हवर दाब येत असल्याचे सुचवतो. ही नस मनगटाच्या तळहाताकडील बाजूस हाडे आणि एक जाड पट्टा यांच्यामधील अरुंद बोगद्यातून जाते आणि अंगठा, तर्जनी, मधले बोट व अनामिकेचा अर्धा भाग यांना संवेदना पुरवते. करंगळीला मात्र वेगळी नस आहे. म्हणून करंगळी बधिर होते की नाही हे आवर्जून पाहावे; होत असेल, तर दोष कोपराच्या आतील बाजूस किंवा मानेत असण्याचा विचार करावा लागतो. झोपेत मनगट नकळत दुमडले जाते आणि बोगद्यातील दाब वाढतो. यासाठी मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री बांधावा आणि काही आठवडे त्यात खंड पडू देऊ नये. दिवसा टंकलेखन करताना मात्र तो बांधू नये, कारण पट्ट्याने जखडलेले मनगट जे करू शकत नाही ते कोपर आणि खांदा करू पाहतात, आणि आपले कोपर आधीच दुखावलेले आहे.

कोपराचे दुखणे बहुधा बोटे व मनगट वर उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरेचे, म्हणजे स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीसारख्या भागाचे आहे. विश्रांतीने कंडरेतील कळ शमते, पण तिची भार सोसण्याची क्षमता वाढत नाही, उलट दीर्घ विश्रांतीत ती घटतेच. त्यामुळे पूर्वीइतके काम सुरू करताच आपला त्रास परतला, यात आश्चर्य नाही. दुखणे पूर्ण थांबण्याची वाट न पाहता, सोसेल इतका भार द्यावा आणि तो हळूहळू वाढवावा. कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेबलावर ठेवून, तळवा खाली करून पंजा टेबलाच्या कडेबाहेर येऊ द्यावा. मुठीत हलके वजन धरावे, सुरुवातीस अर्धा किलोही पुरेसे असते. दुसऱ्या हाताच्या मदतीने पंजा वर आणावा आणि मग केवळ दुखऱ्या हाताने, तीन-चार अंक मोजत, सावकाश खाली सोडावा. व्यायामाच्या वेळी थोडे दुखले तरी चालते. निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी करावा: दुखणे नेहमीच्या पातळीवर असेल तर भार योग्य होता, वाढलेले असेल तर तो कमी करावा. कंडरेला भक्कम होण्यास साधारण तीन महिने लागतात, कधी त्याहून अधिक, त्यामुळे दोन आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून व्यायाम सोडू नये.

कामालाही हाच नियम लावावा. सलग किती वेळ काम केल्यावर त्रास सुरू होतो ते पाहून त्याच्या अलीकडेच थांबावे. हात ठणकू लागल्यावर घेतलेली विश्रांती उशिराची असते.

निळी शाई

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. मांडणीविषयी थोडे लिहितो, कारण संगणकप्रणाली लिहिण्याच्या कामात मीही या दुखण्यातून गेलो आहे.

कीबोर्डच्या मागच्या बाजूचे लहान पाय दुमडून ठेवावेत. ते उघडे असले की कीबोर्ड तिरका होतो आणि मनगट सतत वर वाकलेले राहते. आकड्यांचा स्वतंत्र भाग असलेल्या रुंद कीबोर्डमुळे माउस दूर जातो आणि खांदा बाहेर ताणला जातो, म्हणून आकड्यांचे काम फारसे नसेल तर अरुंद कीबोर्ड घ्यावा. मनगटाखालची मऊ उशी थांबलेल्या हातासाठी आहे, टंकताना मनगट तिच्यावर दाबू नये.

मला सर्वांत उपयोगी पडलेले निरीक्षण मात्र वेगळेच होते. पडद्यावरचा मजकूर केवळ वाचत असताना माझा हात माउसवरच असे आणि चुकून कळ दाबली जाऊ नये म्हणून तर्जनी किंचित उचललेली असे. पाहणाऱ्याला तो हात स्वस्थ वाटेल, पण कोपराच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू तेव्हा अखंड काम करत असतात. वाचताना हात मांडीवर ठेवण्याची सवय लावल्यावर जो फरक पडला, तो महागड्या उपकरणांनी पडला नव्हता. अनुवादाचा पहिला खर्डा बोलून लिहवता येत असेल, तर तेही अवश्य करून पाहावे. मराठी श्रुतलेखन आता बऱ्यापैकी चालते.

सावधचित्त

एक जोड. माउस डाव्या हातात घेण्याचा सल्ला आपल्याला मिळेल, पण सगळे काम एकदम तिकडे लोटू नये, नाहीतर दोन्ही हात दुखू लागतील. दुसरे, मनावरच्या ताणाकडे दुर्लक्ष करू नये. लेखनिकांच्या हातांच्या दुखण्याची कारणे सांगताना इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या प्रारंभीच सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल आणि मनाचा ताण ही तिन्ही एकत्र नोंदवली होती. मुदत जवळ आली की आपण कळा अधिक जोराने दाबतो, खांदे वर चढतात आणि विश्रांती टळत जाते.

अक्षरलेखा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. करंगळी बधिर होत नाही, हे आज मुद्दाम तपासले. वाचताना तर्जनी उचललेली राहते, हेही खरे निघाले. बधिरपणासाठी डॉक्टरांकडे लगेच जावे, की रात्रीच्या पट्ट्याचा परिणाम आधी पाहावा?

चलनवलन

पट्टा आजपासूनच बांधा आणि डॉक्टरांची वेळही घेऊन ठेवा. मधुमेह, थायरॉईडचे कार्य मंदावणे, संधिवात किंवा गरोदरपण यांमुळेही या नसेवर दाब येऊ शकतो, म्हणून रक्ततपासणी करून घेणे योग्य ठरते. गरज वाटल्यास नसेतून संदेश किती वेगाने जातो हे मोजणारी चाचणी करतात. पट्ट्याने भागले नाही, तर बोगद्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन आणि त्यानंतर शस्त्रक्रिया, असे पुढचे उपाय आहेत. बधिरपणा दिवसाही टिकू लागला, हातातून वस्तू निसटू लागल्या किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा उंचवटा दुसऱ्या हाताच्या तुलनेत सपाट दिसू लागला, तर ठरलेल्या वेळेची वाट न पाहता दाखवा. तो स्नायू एकदा बराच झिजला की दाब काढल्यावरही पूर्ण भरून येईलच असे नसते.