अनुभव धागा: मे महिन्यात कॉलेजची बाग आणि हरितगृह कसं सांभाळता? (ठाणे-नवी मुंबई)

परीक्षा आटोपल्या की हॉस्टेलं रिकामी होतात, माळीकाका गावी जातात आणि आवार चार-पाच विद्यार्थ्यांच्या हाती येतं. प्रत्येकाने आपल्याला नीट ठाऊक असलेलंच लिहावं: किती, केव्हा, काय बिघडतं आणि का. "भरपूर पाणी घाला" असं लिहू नका, लिटर लिहा.

ऐरोली, वनस्पतिशास्त्र, तिसरं वर्ष

हरितगृहाचं आधी घेते, कारण पुण्या-नाशिकची माहिती वाचून इथे सगळ्यात जास्त घोळ त्यातच होतो. पॅड (भिंतीत बसवलेला, सतत ओला ठेवलेला जाड जाळीदार पुठ्ठा) आणि पंख्यावरचं गारवा यंत्र कोरड्या हवेसाठी असतं. ३८ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ओल्या पॅडमधून येणारी हवा २४-२५ अंशांपर्यंत उतरते. आपल्याकडे ३५ अंश आणि ६० टक्के धरा. पॅड नवीन असलं तरी २९-३० च्या खाली काही जात नाही, आणि आतली आर्द्रता नव्वदीकडे सरकते ती वेगळीच. म्हणून इथे पहिला मान सावलीला, दुसरा वाऱ्याला, पाण्याला तिसरा.

सावलीची जाळी प्लास्टिकच्या वर, बाहेरून, एक ते दीड फूट अंतर ठेवून बांधायची. आतून बांधली तर ऊन आत येऊन जाळीच तापते आणि ती उष्णता आतच कोंडते. भाजीच्या रोपांना ५० टक्क्यांची जाळी पुरते, नेचे आणि ऑर्किडला ७५ टक्क्यांची. बाजूचे पडदे सकाळी आठच्या आत गुंडाळायचे. नवी मुंबईत दुपारचा वारा खाडीकडून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. त्या बाजूला कुंड्यांचे ढीग किंवा रिकामे ट्रे लावून वाट अडवू नका.

थर्मामीटर रोपांच्या उंचीवर, सावलीत टांगा. दारापाशी भिंतीवर लावलेला खोटं सांगतो.

घोडबंदर रोड, शेडनेट सांभाळणारा

ताई, पाण्याला तिसरा मान हे खरं, पण फॉगर (पाण्याचं बारीक धुकं सोडणारी नोझल) एवढा टाकाऊही नाही. अकरा ते तीन, आर्द्रता ७० टक्क्यांच्या खाली असेल तेव्हाच, पडदे उघडे ठेवून दर १५ मिनिटांनी ३० सेकंद. पान ओलं दिसलं तर वेळ जास्त झाली. तीननंतर बंद म्हणजे बंद, नाहीतर रात्रभर ओली राहिलेली पानं सडतात. नोझलमधून धुक्याऐवजी थेंब गळत असेल तर दाब कमी आहे किंवा गाळणी तुंबलीय. टायमरला दोष देण्याआधी गाळणी उघडा.

नेरूळ, ठिबकचं काम बघणारी

ठिबक बसवलंय म्हणून निर्धास्त राहू नका. तपासणी सोपी आहे. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली (झाडापाशी थेंब सोडणारं तोंड) डबा ठेवा, १५ मिनिटांत एक लिटर भरायला हवं. पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या झाडापाशी मोजा. शेवटच्या डब्यात ८०० मिलीलिटरपेक्षा कमी आलं तर त्या ओळीत गळती, चोंदलेला ड्रिपर किंवा गरजेपेक्षा लांब लॅटरल (ड्रिपर बसवलेली बारीक नळी), यातलं एक आहे. मग लॅटरलचं टोक उघडून पाणी स्वच्छ येईपर्यंत सोडायचं. आधी तपकिरी गाळ येईल. स्क्रीन फिल्टर मे महिन्यात आठवड्याला धुवा, कारण टाकीची पातळी खाली गेली की तळाचा गाळ पाइपात येतो.

टाकी पूर्ण रिकामी झाली आणि पंप चालूच राहिला तर सील जळतं. फ्लोट स्विच (टाकीतलं पाणी संपलं की पंप आपोआप बंद करणारा) नसेल तर टायमरवर पंप सोडून सुट्टीवर जाऊ नका.

उन्हात पडलेल्या काळ्या पाइपातलं पहिलं पाणी हाताला चटका देतं. ते बादलीत काढा, निवल्यावर वापरा. रोपांवर सोडलंत तर कोवळी मुळं भाजतात.

सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी हिरवळीला, मोठ्या झाडांना चालतं. बियांच्या ट्रेला नको, त्यातले क्षार कोवळ्या मुळांना सोसत नाहीत. खाडीजवळच्या बोअरचं पाणीही आधी तपासून घ्या. कुंडीच्या कडेला पांढरा थर धरू लागला तर खूण पटली.

कोपरखैरणे, माळीकाम

पोरांनो, दुपारी दोन वाजता मान टाकलेलं झाड तहानलेलंच असतं असं नाही. पानातून पाणी जितकं उडतं तितकं मुळं त्या वेळी ओढू शकत नाहीत. संध्याकाळी सहाला बघा. उभं राहिलं असेल तर हात लावू नका, तरीही लोळलेलं असेल तर बोट दोन पेरं मातीत घाला. कोरडं लागलं तर पाणी, ओलं लागलं तर मुळं कुजायला लागलीत. ओल्यावर आणखी ओतलं की झाड गेलंच समजा.

कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याचा भुसा) कुंड्या वरून कोरड्या दिसतात आणि खाली चिखल असतो. त्या उचलून वजनावर ओळखायच्या.

वाशी

काका, कोकोपीट धुवायचं असतं का?

कोपरखैरणे, माळीकाम

होय. ६५० ग्रॅमची वीट चार लिटर पाण्यात फुगते, आठ-नऊ लिटर होते. पिळून ते पाणी फेकायचं, असं दोनदा तरी. त्यात मीठ असतं. मग लाल माती, कुजलेलं शेणखत आणि कोकोपीट सारख्या मापाने. शेणखताला वास येत असेल तर ते कुजलेलं नाही, उन्हाळ्यात मुळांपाशी तापतं.

वाशी, हिरवळीबद्दल

रोज ५ मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला ५ लिटर. हजार चौरस मीटरला ५,००० लिटर, दहा हजारी टँकर दोन दिवसांत संपतो. ज्या तुकड्यावर कोणी बसत नाही, चालत नाही, तो मे महिन्यात पिवळा पडू द्यावा. पावसात बहुतेक परत फुटतो. उरलेल्या हिरवळीची कापणी दोन-अडीच इंचांवर ठेवा, आणि एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापू नका. बोथट पात्याने टोकं फाटतात आणि मैदान पांढरट दिसतं; लोक त्याला रोग समजून फवारणी करतात!

खारघर, झाडं

आपल्याकडची बरीच आवारं मुरुमाच्या भरावावर आहेत. एक फूट खड्डा खणून पाण्याने भरा, ते जिरल्यावर पुन्हा भरा. दुसऱ्यांदा चार तासांनीही पाणी उभं असेल तर तिथे खाली घट्ट थर आहे. पाणी कमी आणि अंतराने द्या. पाणी जिरतं तिथे तीन वर्षांखालच्या झाडाला रोज पाच लिटर शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा २०-२५ लिटर दिलेलं बरं. रोजच्या शिंपडण्याने मुळं वरवरच राहतात आणि पहिल्या वादळात झाड कलतं. आळं खोडाला चिकटून नको, फूटभर लांब. त्यावर पालापाचोळा तीन इंच, खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी.

पावसाआधीच्या छाटणीला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते (१९७५चा झाडं जतन करण्याचा कायदा). अर्ज मार्चमध्ये द्यावा, मे अखेरीस देऊन उपयोग नाही. जाड फांदी तीन कापांत: आधी खोडापासून फूटभर लांब खालून एक तृतीयांश, मग त्याच्या थोडं पुढे वरून आरपार, शेवटी उरलेला ठोंब. एकाच कापात पाडली तर साल खोडापर्यंत सोलत जाते.

ठाणे, एनएसएस

काम सात ते दहा. हरितगृहात दमट हवेमुळे घाम सुकत नाही, म्हणून आत वीस मिनिटं झाली की बाहेर यायचं, जोडीशिवाय जायचं नाही. येऊर किंवा पारसिकच्या पायथ्याशी आवार असेल तर पालापाचोळ्यात, कुंड्यांच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने हलवा. घोणस पानांच्या रंगात मिसळते.

ऐरोली

किडींचं राहिलंच. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने झाडा, मग लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि १ मिली साबण द्रव, संध्याकाळीच. उन्हात फवारलं तर पानं करपतात. मुंग्यांची ये-जा तोडली नाही तर ढेकूण परत येतो, कारण त्याच त्याला राखतात. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे, फुलकिड्यांना निळे.

नेरूळ

आणि सुट्टीवर जाणाऱ्याने टाकीच्या व्हॉल्व्हला पाटी बांधून जावं: कुठला व्हॉल्व्ह कुठल्या वाफ्याचा, किती मिनिटं. कागद भिजतो, जुन्या प्लास्टिक डब्याचं झाकण कापून त्यावर मार्करने लिहिलेलं टिकतं.