हात, हातचा आणि मोडलेला हात

उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की मराठी बोलताना आपण किती वेळा ‘हात’ म्हणतो. भेटायला आलेला मित्र ऑफिसातलं भांडण सांगत होता, “साहेबांनी हात वर केले, मग मीही हात झटकले...” आणि माझ्या प्लास्टरकडे नजर जाताच जीभ चावून गप्प. मला खरंच काही वाटलं नव्हतं. त्याच्या गप्प होण्यानं मात्र अवघडल्यासारखं झालं.

हात टेकणे, हातभार, हातखंडा, हातोहात यांतला हात केव्हाच विरघळून गेलाय. बेरजेत ‘हातचा एक’ म्हणताना कुणाच्या डोळ्यांपुढे पंजा येतो? ‘एका हाताने टाळी वाजत नाही’ हे थोडं वेगळं. एका कार्यक्रमात सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी डाव्या तळव्यानं मांडीवर थापा मारत होतो. तेव्हा ही म्हण शब्दशः कळली, पण बोचली नाही. ती बोलते भांडणातल्या दोन्ही बाजूंबद्दल.

बोचतात ते शब्द, जे शरीरातल्या उणिवेवरून लायकी ठरवतात. ‘लुळी यंत्रणा’, ‘लंगडी सबब’. किंवा ‘हातीपायी धड असून बसून खातो’. म्हणजे जो धड नाही, त्यानं बसूनच खायचं असतं, हे आपण न बोलता धरून चालतो. ‘थोटा’ हे तर माणसाचं नावच होऊन बसतं. माझं प्लास्टर निघालं, ज्यांचा हात कायमचा गेला त्यांना हे रोज ऐकावं लागतं. लंगडी सबब न म्हणता ‘तकलादू सबब’ म्हटलं, तर अर्थ रतीभरही कमी होत नाही.

आणखी एक अडचण. ‘हात मोडला’ म्हणजे नेमका कुठे? खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच. पंजा, मनगट, कोपर, दंड हे शब्द आहेत, पण कोपर ते मनगट या भागाला रोजच्या बोलण्यातला शब्द मला सापडला नाही. ‘प्रकोष्ठ’ पुस्तकातच राहिला. फिजिओथेरपीच्या वेळी मी “इथे, घड्याळ बांधतो त्याच्या जरा वर” असं बोट ठेवून दाखवायचो. तुमच्या बोलीत या भागाला काय म्हणतात?