मदत हवी आहे: सासूबाईंना रोज संध्याकाळी 'घरी' जायचं असतं

सासूबाई ७९ वर्षांच्या. अल्झायमरचं निदान होऊन तीन वर्षं झाली. विसरणं एव्हाना आमच्या अंगवळणी पडलंय, त्यासाठी हा धागा नाही. प्रश्न संध्याकाळचा आहे.

पाच वाजले की त्या पदर खोचून गाठोडं बांधायला घेतात. काल त्यात चष्म्याची रिकामी डबी, अर्धं मारी बिस्कीट आणि टीव्हीचा रिमोट होता. मग दाराशी उभ्या. "मालगुंडची गाडी चुकेल, अण्णा वाट बघत असतील." अण्णा म्हणजे त्यांचे वडील. त्यांना जाऊन चाळीस वर्षं झाली. आम्ही डोंबिवलीत, तिसऱ्या मजल्यावर.

नवऱ्याचं म्हणणं, आईशी खोटं बोलायचं नाही. तो सांगतो, "आई, हेच तुझं घर. अण्णा केव्हाच गेले." त्या मटकन खाली बसतात आणि आत्ताच कळल्यासारख्या रडतात. अर्ध्या तासाने पुन्हा गाठोडं. परवा तर त्याच्या हाताला चावल्या. मी आपली "गाडी अजून लागली नाही, तोवर चहा घेऊ" म्हणते आणि भिजवलेले वाल सोलायला देते. वीसेक मिनिटं निभावतं. पण फसवतेय असं वाटत राहतं, आणि त्यावरून आमची दोघांची जुंपते ते वेगळंच.

शिवाय पाटल्या. त्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत, पण रोज कुणीतरी चोरलेल्या असतात. दिवसाच्या मावशी याच आरोपाला कंटाळून सोडून गेल्या. आता चोर मी.

डॉक्टरांनी रात्रीसाठी क्वेटियापिन (भास, आक्रमकपणा यांवर देतात ते मानसोपचाराचं औषध) लिहून दिलंय. अशा औषधांनी डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये मृत्यूचा धोका वाढतो, अमेरिकेत २००५ पासून तसा इशारा आहे, असं वाचलं आणि हात थांबला. गोळी सुरू करावी का? आणि अण्णांचं काय सांगता तुम्ही लोक?

जप आणि सुडोकू सुचवू नका, प्लीज. ते फॅमिली ग्रुपवर रोज येतं.

प्रतिसाद:
ताई, वडिलांचं सहा वर्षं केलं म्हणून लिहितो. चावणं अचानक सुरू झालं का? तसं असेल तर आधी लघवी तपासा, पोट साफ होतंय का बघा. आमचे बाबा दोन दिवसांत ओळखू येईनासे झाले होते, निघालं लघवीचं इन्फेक्शन. दुखतंय हे सांगता येत नाही, मग ते असं बाहेर पडतं.
गोळी कशासाठी, किती आठवडे आणि बंद कधी, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. घरी जायच्या हट्टावर ती फारशी चालत नाही. मारहाण किंवा घाबरवणारे भास असले, दुसरं काही लागू पडत नसलं, तर देतात. हात थरथरत असतील किंवा माणसं दिसत असतील तर तेही सांगा, डिमेन्शियाच्या एका प्रकारात ही औषधं फार बाधतात.
अंधारून यायच्या आधीच सगळे दिवे लावा. आणि अण्णा गेले की आहेत, यात शिरूच नका. "अण्णा कसे होते हो?" एवढंच विचारा.

धागाकर्ती:
अचानकच, गेल्या मंगळवारपासून. बाथरूममध्ये कण्हतात, मी समजत होते गुडघे. उद्या सकाळीच नमुना देते.
अण्णांचं आत्ता विचारून बघितलं. एसटी थांबवायला ते हात नाही, छत्री दाखवायचे म्हणे. नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं. बसलाय ऐकत. गाठोडं सोडलेलं नाही, रिमोट आतच आहे.