वॉशिंग्टनजवळच्या लाउडन काउंटीत (व्हर्जिनिया) नोकरीचं नक्की काय चाललंय? थांबावं की निघावं?

ब्रॅम्बल्टनवासी

नमस्कार मंडळी, मूळचा सांगलीचा, २०११ पासून नॉर्दर्न व्हर्जिनियात आहे, आधी हर्नडनला अपार्टमेंट आणि २०१९ पासून ब्रॅम्बल्टनला टाउनहाउस. एका फेडरल एजन्सीच्या प्रोजेक्टवर कॉन्ट्रॅक्टरकडून जावा डेव्हलपर होतो, सात वर्षं एकच प्रोजेक्ट. एप्रिल २०२५ मध्ये फंडिंग बंद झालं, आम्हा अकरा जणांना एका व्हिडिओ कॉलवर बारा मिनिटांत सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी लॅपटॉप परत पाठवायचा रिकामा खोका दारात येऊन पडला. तो खोका आमच्या मुलीने उचलून आत आणला आणि विचारलं बाबा काय मागवलंय, तेव्हा काय सांगावं सुचेना.

मग चार महिने घरी. ऑगस्टमध्ये सबकॉन्ट्रॅक्टवर सहा महिन्यांचं काम मिळालं, तर १ ऑक्टोबरला फेडरल सरकारचा शटडाउन (खर्चाला मंजुरी नाही म्हणून कामकाज बंद) लागला तो १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस. सरकारी नोकरांना नंतर मागचा पगार मिळाला, त्यांच्यासाठी तसा कायदाच आहे, पण आमच्यासारख्या कॉन्ट्रॅक्टरच्या माणसांना त्या दिवसांचा एक सेंट नाही. आता तेही काम संपत आलंय.

माझा प्रश्न असा की वॅक्सपूल रोडने कधीही जा, दोन्ही बाजूंना डेटा सेंटर्सच्या, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतींच्या, बिनखिडक्यांच्या भिंतीच भिंती, जिथे मोकळी जागा होती तिथे क्रेन, जगातली सगळ्यात मोठी डेटा सेंटरची गर्दी आपल्या काउंटीत आहे असं जो तो सांगतो, मग नोकऱ्या आहेत कुठे? मी साठ-सत्तर ठिकाणी अर्ज केले. क्लाउडवाल्या कंपन्यांच्या डेव्हलपरच्या जागा बहुतेक सिएटलला नाहीतर टेक्सासला, आणि इथे जे आहे त्यातल्या अर्ध्याअधिक जागांना सिक्युरिटी क्लिअरन्स (गोपनीय सरकारी कामाची परवानगी) लागतो. ग्रीन कार्ड सप्टेंबर २०२२ ला आलं, म्हणजे सिटिझनशिपला २०२७ उजाडणार, तोपर्यंत क्लिअरन्सचं नावच नको.

बायको काउंटीच्या शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, मुलगी सातवीत. मावसभाऊ नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला आहे, तो म्हणतो घर विका आणि या इकडे. पण घराचं कर्ज २०२१ ला २.८७५ टक्क्यांवर रिफायनान्स केलंय, ते सोडायला जीव होत नाही. इथे जुनेजाणते लोक आहेत म्हणून विचारतोय, अगदी खरं काय ते सांगा.

डलसकर

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत, कारण आमच्या मंडळाच्या गणपतीत यंदा निम्म्या लोकांच्या तोंडी हाच विषय होता पण उघड कोणी बोलत नव्हतं.

मी १९९८ ला इथे आलो. तेव्हा इंटरनेट कंपनी एओएलचं हेडक्वार्टर डलसला होतं, वर्ल्डकॉम ह्या टेलिकॉम कंपनीचा मोठा कॅम्पस अ‍ॅशबर्नला उभा राहत होता, आणि आम्हाला वाटायचं की इंटरनेट म्हणजेच आपलं गाव. जुलै २००२ ला वर्ल्डकॉमने दिवाळखोरी जाहीर केली. मी त्यांच्या एका सबकॉन्ट्रॅक्टरकडे होतो, पाच महिने घरी बसलो, मोठा मुलगा तेव्हा आठ महिन्यांचा होता. एओएलनेही २००७ ला हेडक्वार्टर न्यूयॉर्कला नेलं. म्हणजे ज्या दोन कंपन्यांच्या जिवावर काउंटी वाढली त्या दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत गेल्या, आणि तरी काउंटी वाढतच राहिली, २००० च्या जनगणनेत १ लाख ७० हजाराच्या आसपास वस्ती होती ती २०२० ला ४ लाख २० हजारावर गेली.

हे कसं झालं, तर कंपन्या गेल्या पण जमिनीखालची फायबर इथेच राहिली. नव्वदच्या दशकात मे-ईस्ट नावाचं इंटरनेटचं मोठं जंक्शन टायसन्सच्या बाजूला होतं, मग अ‍ॅशबर्नला इक्विनिक्स ही डेटा सेंटरवाली कंपनी आली, ज्याला दुसऱ्या नेटवर्कला जोडून घ्यायचं तो इथेच यायला लागला. वर वीज स्वस्त, जमीन सपाट, आणि सर्व्हरच्या खरेदीवर राज्याने दिलेली सेल्स टॅक्सची माफी.

आता तुमच्या मुख्य मुद्द्यावर येतो. काउंटीची तिजोरी आणि तुमची-माझी नोकरी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आपण लोक त्यांची गल्लत करतो. डेटा सेंटर काउंटीला टॅक्स देतं, माणसांना काम फार देत नाही. आतल्या कॉम्प्युटर सामानावर शंभर डॉलर किमतीमागे चार डॉलरच्या वर टॅक्स दरवर्षी लागतो आणि ते सामान काही वर्षांनी बदलून पुन्हा नवं येतं. काउंटीच्या प्रॉपर्टी टॅक्सचा जवळपास निम्मा पैसा आता डेटा सेंटर्समधून येतो. म्हणूनच घरांवरचा दर २०१२ ला शंभर डॉलरला १ डॉलर २३.५ सेंट होता तो २०२५ ला ८०.५ सेंटवर आला. तुमच्या मिसेसचा शाळेतला पगार एका अर्थी त्या बिनखिडक्यांच्या भिंतींमधूनच येतो.

पण माणसं किती लागतात? राज्याच्या विधिमंडळाच्या जेएलएआरसी ह्या अभ्यास समितीचा डिसेंबर २०२४ चा रिपोर्ट बघा. अडीच लाख स्क्वेअर फुटांच्या एका डेटा सेंटरमध्ये फुल टाइम साधारण ५० माणसं, त्यातही अर्धी कॉन्ट्रॅक्टवर. बांधकाम ऐन भरात असताना मात्र तिथेच दीड हजारापर्यंत. कोड लिहिणारा माणूस त्या इमारतीत नसतोच हो. तुमच्या-माझ्यासारख्यांची रोजीरोटी इथे डेटा सेंटरवर कधीच नव्हती, ती होती फेडरल कॉन्ट्रॅक्टवर, आणि तोच खांब २०२५ मध्ये हलला.

सबस्टेशन

डलसकर काकांशी सहमत पण एक गोष्ट जोडतो. मी इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरकडे एस्टिमेटर (कामाच्या खर्चाचा अंदाज काढणारा) आहे, रोज डेटा सेंटरच्या ड्रॉइंग्जवरच बसलेला असतो. माणसं मिळत नाहीत अशी आमची अवस्था आहे. इलेक्ट्रिशियन, कूलिंगचे टेक्निशियन, कंट्रोल्सचं प्रोग्रामिंग करणारे, कमिशनिंग (बसवलेली यंत्रणा चालवून तपासणं) करणारे. मनाससपासून लीसबर्गपर्यंत पहाटे साडेचारला पिकअप ट्रकांची रांग बघा, ती सगळी ह्याच कामावर चाललेली असते. ज्यांची मुलं कॉलेजचा खर्च बघून विचारात पडली आहेत त्यांनी आयबीईडब्ल्यू लोकल २६ ह्या इलेक्ट्रिशियनच्या युनियनची अप्रेंटिसशिप बघावी, पाच वर्षं शिकताना पगार मिळतो, डोक्यावर कर्ज नाही. आपल्या लोकांत ह्याला कमीपणा मानतात, तो मानू नये असं मला मनापासून वाटतं, माझे वडील इचलकरंजीला वायरमन होते आणि त्यांच्या कामावर आम्ही तिघं शिकलो.

ब्रॅम्बल्टनवासी, तुमच्यासाठी सांगायचं तर बीएमएस (बिल्डिंग मॅनेजमेंट सिस्टीम) आणि कंट्रोल्सकडे बघा. बिल्डिंगमधले चिलर, पंप, जनरेटर, ब्रेकर सगळ्यांचे सिग्नल एका सिस्टीमवर येतात, तिचं प्रोग्रामिंग, तिचे स्क्रीन, तिचे अलार्म. जावा येणाऱ्याला मॉडबस आणि बॅकनेट (ह्या यंत्रांच्या आपसात बोलायच्या भाषा) शिकायला काही महिने लागतील, वर्षं नाही. आणि बहुतेक कमर्शियल साइटला क्लिअरन्स लागत नाही.

धोकाही सांगतो. हे काम वीज आणि परवानगी ह्या दोन गोष्टींवर टांगलेलं आहे. जुलै २०२२ ला वीज कंपनी डॉमिनियनने सांगितलं की पूर्व लाउडनमध्ये नव्या जोडण्यांना लगेच वीज देता येणार नाही, लाइनच कमी पडतात, तेव्हा आमच्याकडे दोन कामं पुढे ढकलली गेली. मार्च २०२५ ला काउंटीच्या बोर्डाने नियम बदलला, आधी ठरावीक झोनमध्ये डेटा सेंटर आपोआप बांधता यायचं, आता प्रत्येकाला सुनावणीला जावं लागतं. जुनी मंजूर कामं आहेत तोवर चिंता नाही, पण दहा वर्षांचा भरवसा मी कुणाला देणार नाही.

रत्नांग्री_टू_अ‍ॅशबर्न

मी आतली बाजू सांगते कारण मी डेटा सेंटरमध्ये ऑपरेशन्स टेक्निशियन आहे, तिसरं वर्ष चालू आहे. रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, मग लग्न, मग एच-फोरवर (नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून) नऊ वर्षं घरी. ग्रीन कार्ड आल्यावर नोव्हाच्या (नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेज) स्टर्लिंगच्या कॅम्पसला डेटा सेंटर ऑपरेशन्सचे कोर्स केले, वर्गात मी एकटीच साडीच्या देशातली आणि बाकी निम्मे आर्मीतून बाहेर पडलेले. तासाला ३१ डॉलरवर सुरुवात झाली.

काम असं की बारा तासांची शिफ्ट, एका आठवड्यात तीन दिवस आणि पुढच्या आठवड्यात चार. दर काही तासांनी टॅबलेट घेऊन राउंड, यूपीएसची खोली, बॅटरीची खोली, चिलर, जनरेटर, प्रत्येक मीटरचं रीडिंग डोळ्यांनी बघून भरायचं. हॉट आयलमध्ये, म्हणजे सर्व्हरची गरम हवा जिथे बाहेर पडते त्या गल्लीत, शिरलं की मे महिन्यातल्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये उभं राहिल्यासारखं, आणि चार पावलांवर कोल्ड आयल, थंड हवेची गल्ली, तिथे जॅकेट लागतं. कानात प्लग घालावेच लागतात. कुठलाही ब्रेकर हलवायचा तर आधी लिहिलेली एमओपी (कामाच्या पायऱ्यांची यादी), एकजण ओळ मोठ्याने वाचतो, दुसरा ब्रेकरच्या नावावर बोट ठेवून तेच म्हणतो, मगच हात लावायचा. घाई केलीत तर नोकरी जाते.

माझ्या दुसऱ्या महिन्यात रात्री दोन वाजता वादळ आलं आणि बाहेरची वीज गेली. आत एक दिवासुद्धा मिचकला नाही, बॅटरीने भार पेलला, आणि काही सेकंदात बाहेरचे सगळे जनरेटर एकामागून एक उठले तेव्हा पायाखालची जमीन थरथरली. हात कापत होते पण चेकलिस्ट भरली. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की आपण इथल्या कुठल्या तरी कामाचे आहोत.

डलसकर काका म्हणतात माणसं कमी लागतात ते खरंय, पण इमारती एवढ्या झाल्यात की सगळ्या मिळून बऱ्यापैकी जागा निघतात. मात्र दादा, तुम्ही वर्षाला दीड लाखाच्या डेव्हलपरच्या पगाराशी तुलना करत असाल तर सुरुवातीला निम्मंच हातात येईल, आणि रात्रपाळी. मुलगी सातवीत आहे म्हणता, घरात आधी बोलून घ्या.

क्वीनसिटीकर

शार्लटचं मी सांगतो, २०२२ ला लाउडनमधलं स्टोन रिजचं घर विकून इकडे आलो. इथे फेडरल नाही तर बँका. घर मोठं मिळालं हे खरं, पण आमचं कर्ज ३ टक्क्यांवरून ६ च्या वर गेलं, महिन्याचा हप्ता जवळजवळ तेवढाच राहिला. आणि बँकांतही २०२३ पासून कॉन्ट्रॅक्टरच आधी कापतात. एका खांबावरून उठून दुसऱ्या खांबाला टेकायचं असेल तर या. नोकरी हातात घेऊन या, नुसत्या आशेवर घर विकू नका, पाया पडून सांगतो.

अजून एक, हे वाचणाऱ्यांत कोणी एच-वन-बी वर असेल तर लेऑफनंतर नवी नोकरी शोधायची नाहीतर देश सोडायची ६० दिवसांची मुदत नोकरी संपल्यापासून मोजतात, सेव्हरन्स (नोकरी गेल्यावरची भरपाई) मिळतोय म्हणून ती लांबत नाही. आमच्या मित्राने हे उशिरा ऐकलं. पहिल्याच आठवड्यात वकिलाला फोन करा.

ब्रॅम्बल्टनवासी

सगळ्यांचे खरंच आभार, काल रात्री जेवल्यावर हे सगळं बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं. तिजोरी वेगळी आणि नोकरी वेगळी हे कोणी इतकं स्पष्ट सांगितलं नव्हतं, मी वर्षभर त्या भिंतींकडे बघून उगाच स्वतःला दोष देत होतो की एवढं सगळं आजूबाजूला असून मलाच का मिळत नाही.

घर विकत नाही एवढं ठरलं. सबस्टेशन, कंट्रोल्सबद्दल तुम्ही म्हणालात त्यावर दोन प्रश्न आहेत: घरी सराव करायला साधा पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा कंट्रोलर) घ्यावा का, आणि वय ४३, फ्रेशर म्हणून कोणी उभं करेल का? आणि ताई, नोव्हाचे संध्याकाळचे वर्ग असतात का, कारण दिवसा अजून काही आठवडे हे काम आहे.

सबस्टेशन

जुना पीएलसी सेकंडहँड घ्या, नवा नको. त्याच्याकडून मॉडबसवर डेटा वाचून एका स्क्रीनवर दाखवणारं छोटं काहीतरी तुमच्या जावातच लिहा, मुलाखतीत तेच उघडून दाखवा, सर्टिफिकेटपेक्षा ते जास्त चालतं. वयाचं म्हणाल तर आमच्या कमिशनिंगच्या टीममधला गेल्या वर्षी घेतलेला माणूस ५१ चा आहे, आधी एअरलाइनमध्ये मेकॅनिक होता. रेझ्युमे मला मेसेजमध्ये पाठवा, शब्द देत नाही पण योग्य टेबलवर नेऊन ठेवतो.

रत्नांग्री_टू_अ‍ॅशबर्न

मी केले तेव्हा बरेचसे संध्याकाळचेच होते, पण टाइमटेबल सेमिस्टरप्रमाणे बदलतं, तेव्हा कॅम्पसला प्रत्यक्ष जाऊनच विचारा, फोनवर धड कळत नाही. इन-स्टेट फीसाठी व्हर्जिनियात राहत असल्याचे कागद सोबत न्या. ह्या गुरुवारी मला सुट्टी आहे, वहिनींना घेऊन आलात तर मी तिथे पार्किंगमध्ये भेटते, लॅबपण दाखवते, तिथले सर माझ्या ओळखीचेच आहेत.