स्वॅप एन्ट्रीचं टेस्टिंग नीट कसं करायचं? (लिनक्स कर्नल, रिस्क-फाइव्ह) सल्ला हवाय

कोकणकडा

नमस्कार मंडळी, लिनक्स कर्नलच्या मेमरी मॅनेजमेंटमध्ये कोणी काम करत असेल तर मदत हवीये. आमच्याकडे ६४ बिट रिस्क-फाइव्ह प्रोसेसरचा बोर्ड आहे, कर्नल ६.६, आणि पेज टेबल एन्ट्रीमध्ये (पीटीई, म्हणजे मेमरीचं पान कुठे आहे ते सांगणारी नोंद) एक जादाचा बिट वापरणारा पॅच मी लिहितोय. पान मेमरीत असतं तोवर सगळं मस्त चालतं. पण पान स्वॅपला (मेमरीतून डिस्कवर) गेलं की त्याच पीटीईच्या जागेत कुठलं स्वॅप डिव्हाइस आणि त्यातला कितवा स्लॉट हे लिहिलं जातं आणि तिथे बिटांची मांडणीच वेगळी. मूळ मांडणी अशी: बिट ० प्रेझेंटचा म्हणून शून्य, १ ते ३ लीफचे (वाचा-लिहा-चालवा परवानगीचे) म्हणून शून्य, ५ प्रोट-ननचा (कसलीच परवानगी नाही) म्हणून शून्य, ६ वर एक्सक्लुझिव्हची (पान एकाच प्रोसेसचं) खूण, ७ ते ११ स्वॅप टाइप (डिव्हाइसचा नंबर) आणि १२ पासून वर सगळा ऑफसेट (स्लॉटचा नंबर). माझा बिट स्वॅपमध्ये जाऊन तसाच परत आला पाहिजे, म्हणून तो १२ वर ठेवून ऑफसेट एक घर वर सरकवलाय.

टेस्टिंग म्हणाल तर १ जीबीची स्वॅपफाइल लावून रात्रभर स्ट्रेस चालवला, काहीच फुटलं नाही. टीममध्ये सगळे म्हणतात झालं की मग, पाठव. मला पटत नाहीये. काय काय तपासायचं, कुठली टूल्स वापरायची, सुरुवात कुठून करायची?

निशिगंध

पटत नाहीये ते बरोबरच आहे तुझं. हिशोब करून बघ. १ जीबी म्हणजे ४ केबीची २,६२,१४४ पानं, म्हणजे ऑफसेट १८ बिटांत संपला. तुझ्या मांडणीत ते १३ ते ३० वर बसतात, ३१ ते ६३ वर त्या रात्रीत एकदाही १ आलेला नाही. आणि स्वॅपफाइल एकच म्हणजे टाइप कायम ०, म्हणजे ७ ते ११ सुद्धा कोरेच राहिले. जे बिट तू हलवलेस त्यातल्या बहुतेकांना टेस्ट लागलीच नाही, एक महिना चालवलंस तरी लागणार नाही, कारण लोड कितीही वाढवला तरी स्लॉटचा नंबर फाइलच्या आकाराच्या पुढे जाऊच शकत नाही.

आता लगेच म्हणशील मोठी डिस्क लावतो. ते पण पुरत नाही, कर्नल कुठला स्लॉट देईल ते आपल्या हातात नसतं आणि एवढे वरचे बिट भरायला लागेल इतकी डिस्क कोणाकडेच नाही. म्हणून आधी मुळातलं गणित तपास, म्हणजे टाइप आणि ऑफसेट पीटीईत भरणं आणि परत काढणं. त्यासाठी कर्नलमध्येच सोय आहे, एमएम फोल्डरमधली डीबग-व्हीएम-पीजीटेबल नावाची फाइल, ५.८ पासून म्हणजे २०२० पासून आहे. कॉन्फिगमध्ये ते चालू करून बूट केलंस की स्वतःच चालते, बोर्ड पण लागत नाही, क्यूईएमयू एम्युलेटरमध्ये होऊन जातं. ६.३ पासून त्यात स्वॅपची तपासणी बरीच कडक झालीये: आधी ऑफसेट म्हणून सगळे बिट १ असलेला आकडा आत टाकून परत काढतात, जे हाती येतं तो त्या आर्किटेक्चरचा कमाल ऑफसेट, मग तो आणि कमाल टाइप घेऊन एन्ट्री बनवतात, पीटीईत घालतात, बाहेर काढतात, दोन्ही सारखे आहेत का बघतात. मग एक्सक्लुझिव्हची खूण लावून परत तेच, खूण काढून परत तेच. तू हेच फंक्शन कॉपी करून तुझ्या बिटासाठी लिही. बिट लावल्यावर टाइप आणि ऑफसेट जराही हलता कामा नये, आणि एन्ट्री प्रेझेंट किंवा रिकामी दिसता कामा नये.

एक लक्षात ठेव, सगळं पास झालं तर ती काही शाबासकी देत नाही. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) ‘व्हॅलिडेटिंग आर्किटेक्चर पेज टेबल हेल्पर्स’ एवढी एक ओळ दिसते, गडबड असेल तर त्याच्याखाली वॉर्निंग येते. ती ओळच नसेल तर टेस्ट चाललीच नाही असं समज.

आणि ऑफसेट सरकवलासच कशाला? तू दिलेल्या मांडणीत ४ नंबर मोकळा आहे की. रिस्क-फाइव्हच्या स्पेकप्रमाणे व्हॅलिड बिट (तुझा प्रेझेंट) शून्य असेल तर बाकीचे बिट हार्डवेअर बघतच नाही, सॉफ्टवेअरने काहीही ठेवावं. १ ते ३ शून्य ठेवायचे ते कर्नलच्या स्वतःच्या गरजेसाठी, कारण ह्यूज पेज (अनेक पानांचं एक मोठं पान) फोडताना प्रेझेंट बिट थोडा वेळ उतरवतात आणि तेव्हाही पीएमडी (पीटीईच्या वरच्या पातळीची नोंद) प्रेझेंटच दिसावी म्हणून तिथे लीफचे बिट बघतात. ४ ला तसली अडचण नाही.

भीमथडी

+१ निशिगंध ताईंना. आणि ही मांडणी ज्यात आहे ती हेडर फाइल ३२ बिट रिस्क-फाइव्हला पण तीच आहे. तिथे ऑफसेटला १२ ते ३१ म्हणजे २० बिट, ४ जीबी स्वॅप. एक घर सरकवलंस की सरळ २ जीबी. क्रॅश वगैरे काही होणार नाही, स्वॅपऑन करताना ‘ट्रंकेटिंग ओव्हरसाइज्ड स्वॅप एरिया’ असा मेसेज येईल आणि कोणाच्या लक्षातही येणार नाही. रिव्ह्यूत मात्र पहिला प्रश्न हाच येईल.

आता पुढचा टप्पा. बूटची टेस्ट फक्त हेल्पर फंक्शन तपासते. तुझा बिट फोर्कमध्ये (प्रोसेसची नक्कल), स्वॅपऑफमध्ये (स्वॅप बंद करणं), एमरिमॅपमध्ये (मेमरीचा पत्ता बदलणं) टिकतो का हे तिला कळत नाही. त्यासाठी यूजरस्पेसमधून छोटा प्रोग्रॅम लिहायचा. मेमरी मॅप करायची, ह्यूज पेज नको म्हणून सांगायचं, प्रत्येक पानावर वेगळा पॅटर्न लिहायचा, मग मॅडव्हाइज कॉलला पेजआउट (पान बाहेर टाक) द्यायचं (५.४ पासून आहे). त्यानंतर प्रोक-सेल्फ-पेजमॅप (प्रोसेसची पानं कुठे आहेत ते सांगणारी फाइल) उघडून ६२ नंबरचा बिट बघायचा, तो १ असेल तरच पान खरंच स्वॅपला गेलंय. ही पायरी कोणी गाळू नका, पेजआउट ही विनंती आहे, हुकूम नाही, स्वॅप चालू नसेल तर अनॉनिमस (कुठल्याही फाइलची नसलेली) पानं जागची हलत नाहीत आणि टेस्ट तरीही हिरवी दिसते. त्याच पेजमॅपमध्ये ० ते ४ टाइप आणि ५ ते ५४ ऑफसेट मिळतो, पण रूट म्हणून चालवा, नाहीतर तिथे नुसते शून्य दिसतात.

पेजआउट फोर्कच्या आधी करायचं. पान दोन प्रोसेसमध्ये मॅप असेल तर पेजआउट त्याला हात लावत नाही. आधी स्वॅपला पाठवा, मग फोर्क करा, मग दोन्हीकडून वाचा, एकीकडून लिहा, दुसरीकडे जुनंच दिसतंय ना बघा.

फोर्कचीच अजून एक जागा आहे जिथे फारसं कोणी जात नाही. ६.६ मध्ये एका स्लॉटचा काउंट (किती जण वापरतात तो आकडा) एका बाइटमध्ये असतो आणि ६२ पर्यंतच मोजतो, त्यापुढे जादा पान घेऊन तिथे मोजणी चालू ठेवतात. म्हणून एक पान स्वॅपला टाकून शंभर एक पोरं फोर्क करा, सगळ्यांकडून वाचून घ्या, उलटसुलट क्रमाने मारा, मग स्वॅपऑफ. डीमेसेजमध्ये ‘बॅड स्वॅप फाइल एन्ट्री’, ‘अनयूज्ड स्वॅप ऑफसेट एन्ट्री’ किंवा ‘बॅड आरएसएस-काउंटर स्टेट’ यातलं काहीही दिसलं की समजायचं एन्ट्री कुठेतरी चुकीची वाचली गेली किंवा दोनदा सोडली गेली.

टाइपसाठी झेडरॅमची (मेमरीतच दाबून ठेवणाऱ्या स्वॅपची) चार डिव्हाइस करा, प्रायॉरिटी सारखी द्या, पानं आपोआप वाटली जातात. मात्र नुसत्या झेडरॅमवर थांबू नका. झेडरॅमवर काउंट १ असेल तर पान परत आणताना स्वॅप कॅश (स्वॅपमधल्या पानांचा मेमरीतला तात्पुरता साठा) वगळून थेट वाचतात आणि साध्या डिस्कवर कॅशमधून येतं, दोन वाटा वेगळ्या आहेत, दोन्हीवर टेस्ट हवी.

रात्रपाळी

स्ट्रेसला इतकं मोडीत काढू नका हो. स्ट्रेस-एनजीचा स्वॅप टेस्टर आणि एलटीपीतल्या (लिनक्स टेस्ट प्रोजेक्ट) स्वॅपिंगच्या टेस्ट आम्ही कायम चालवतो. स्वॅपऑफ आणि फोर्क एकाच वेळी चालू असताना होणाऱ्या शर्यती (रेस कंडिशन) असल्या टेस्टमध्येच सापडतात, एकेक पान हलवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नाही.

निशिगंध

मान्य, शर्यतींसाठी स्ट्रेस हवाच, आणि डीबग-व्हीएम, केएएसएएन, पेज-टेबल-चेक हे कर्नलचे तपासणीचे पर्याय लावूनच चालवायचा. पण तो शेवटी. मांडणीच चुकली असेल तर स्ट्रेसमध्ये जी करप्शन दिसेल तिचं मूळ शोधण्यात आठवडे जातात आणि बूटच्या टेस्टमध्ये तेच एका वॉर्निंगमध्ये कळतं.

जुना_सिस्टिमवाला

थोडी भर घालतो. रिस्क-फाइव्हला नॉन-प्रेझेंट एन्ट्रीत मोकळीक आहे ती सगळीकडे नसते. एक्स८६ बघा. तिथे ५ आणि ६ म्हणजे ॲक्सेस्ड आणि डर्टी मुद्दाम रिकामे ठेवलेत, कारण इंटेलच्या नाइट्स लँडिंग चिपमध्ये एराटा (हार्डवेअरमधला दोष) होता, पान प्रेझेंट नसतानाही हार्डवेअर ते बिट १ करून टाकायचं. म्हणून ४.८ मध्ये टाइप आणि ऑफसेट वर सरकवले. मग २०१८ मध्ये एल१टीएफ ही प्रोसेसरमधली सुरक्षेची त्रुटी आली. तेव्हा कळलं की नॉन-प्रेझेंट एन्ट्रीतला पत्तासुद्धा प्रोसेसर अंदाजाने वापरतो आणि तो डेटा एल१ कॅशमध्ये असला तर तो बाहेर काढता येतो. उपाय म्हणून ऑफसेट उलटा करून ठेवायला लागले, ० चे १ आणि १ चे ०, म्हणजे छोट्या ऑफसेटचे वरचे बिट सगळे १ होतात आणि पत्ता अशा ठिकाणी जातो जिथे मेमरीच नसते. आज तिथे ऑफसेट ९ ते ५८ वर उलटा आणि टाइप ५९ ते ६३ वर आहे. तुमची चिप स्पेकप्रमाणे वागते का हे प्रत्यक्ष बोर्डवर बघाच, क्यूईएमयू असले एराटा दाखवत नाही. मी तरी स्वॅपला गेलेल्या पानांच्या पीटीई कच्च्या आकड्यात टिपून ठेवेन, लोड चालू असताना परत वाचेन आणि कर्नलने हात लावला नसताना एकही बिट बदललाय का बघेन.

कोकणकडा

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! ४ नंबरचाच बिट घेतो, ऑफसेटला हातच लावत नाही. ३२ बिटचं तर डोक्यातच नव्हतं. बूटची टेस्ट आज लिहायला घेतलीये. एक शेवटचं विचारतो, मायग्रेशन एन्ट्रीचं काय? पान एका जागेवरून दुसरीकडे हलवताना पण पीटीईत स्वॅपसारखीच एन्ट्री बसते ना?

निशिगंध

हो, मांडणी तीच, फक्त टाइप राखीव आणि ऑफसेटच्या जागी पानाचा फ्रेम नंबर. ३२ पैकी सगळे टाइप खऱ्या स्वॅपला मिळत नाहीत ते त्यामुळेच. तुझा बिट इथेही वाहून न्यायला लागेल आणि इथे तो हरवला तर स्वॅप बंद असलेल्या मशिनवरसुद्धा बग दिसेल. टेस्ट करायला नूमा (अनेक मेमरी नोड असलेलं मशिन) लागत नाही, कॉम्पॅक्शन (पानं हलवून मोकळी जागा सलग करणं) चालू असेल तर प्रोक-सिस-व्हीएमखालच्या कॉम्पॅक्ट-मेमरीत १ लिही, पानं हलायला लागतात. एकीकडे ते लूपमध्ये ठेव, दुसरीकडे भीमथडीने सांगितलेला प्रोग्रॅम.

कुठे कुठे बिट न्यायचा त्याची यादी हवी असेल तर सोर्समध्ये पीटीई-एसडब्ल्यूपी-यूएफएफडी-डब्ल्यूपी हे नाव ग्रेप कर. यूजरफॉल्टएफडीच्या राइट-प्रोटेक्टचा बिट अगदी तुझ्यासारखाच प्रवास करतो: अनमॅप करताना, मायग्रेट करताना, स्वॅपमधून परत आणताना, स्वॅपऑफमध्ये, फोर्कमध्ये. जिथे जिथे ते नाव सापडेल तिथे तुझा बिट लागतो का हे एकेक करून ठरव, आणि जिथे लागत नाही तिथे का लागत नाही ते कमिट मेसेजमध्ये लिही, लिनक्स-एमएम मेलिंग लिस्टवर तेच विचारतील.