मदत हवी आहे: शेजारच्या धुराची तक्रार कुठे करायची? (सोलापूर)

वैतागलेला_शेळगीकर: शेजारून रोज धूर येतो, घर भरून जातं. आईला दमा आहे. तक्रार कुठे करायची तेवढंच सांगा. "समजुतीने घ्या" नको, ते करून झालंय.

बाराबंदी: धूर कसला? कचरा, बंब, चूल? ह्या उन्हात बंब तर कुणी पेटवत नसेल.

साखरपेठी: चिंध्या असणार. आमच्या मागे टॉवेलच्या कारखान्यातलं टाकाऊ सूत जाळतात, डोळ्यांतून नुसतं पाणी. कुणी बोलत नाही.

वैतागलेला_शेळगीकर: चिंध्या नाहीत हो, लाकडं. बाई कडक भाकऱ्या करून विकतात. पहाटेपासून दुपारपर्यंत चुली चालू.

रिटायर्ड_अण्णा: भारतीय न्याय संहिता, कलम 280. हवा आरोग्याला घातक करणे, दंड 1000 रुपयांपर्यंत. धंदा आहे म्हणजे महापालिकेच्या आरोग्य विभागात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी सांगू नका.

मालदांडी: अण्णा, दंड भरून त्या उद्या परत चूल पेटवतील. बाईचं पोट आहे त्यावर. आणि कडक भाकरी निखाऱ्याच्या धगीवरच वाळते, गॅसवर ती चव नाही.

रिटायर्ड_अण्णा: चवीचा प्रश्न विचारलाय का इथे?

पुणेस्थित: एअर प्युरिफायर घ्या. आमच्याकडे दोन आहेत.

बाराबंदी: खिडक्या बंद असतील तर उपयोग. सोलापुरात मे महिन्यात बंद करून दाखवा. शेळगीकर, कूलर कुठल्या बाजूला लावलाय?

वैतागलेला_शेळगीकर: मागच्या खिडकीला. त्याचा काय संबंध?

बाराबंदी: चुली कुठे आहेत?

वैतागलेला_शेळगीकर: मागेच, त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये.

बाराबंदी: मग तुमचा कूलरच धूर ओढून आत फेकलालाय! तो बाहेरचीच हवा घेतो, आणि ओल्या गवतात धुराचे बारीक कण अडकत नाहीत. कूलर पुढच्या खिडकीला न्या, मागची बंद ठेवा. आज करून बघा.

वैतागलेला_शेळगीकर: पुढे दुपारभर ऊन असतं. आणि धूर त्यांचा, कूलर मी का हलवू?

मालदांडी: आईसाठी.

पत्रे_आणि_फॅब्रिकेशन: शेडमधला धूर पत्र्याला आपटून बाजूने निघतो. चुलीवर पत्र्याची टोपी आणि सरळ पाइप, तुमच्या गच्चीच्या कठड्याच्या वर गेला पाहिजे. वळणं दिली की धूर मागे फिरतो. लाकूड ओलं असेल तर तेही बदलायला सांगा, निम्मा धूर त्याचाच असतो. खर्च अर्धा-अर्धा करा, बाई नाही म्हणणार नाहीत.

रिटायर्ड_अण्णा: अर्धा का? चूल यांची आहे का?

वैतागलेला_शेळगीकर: तेच म्हणतोय. आरोग्य विभागाचा अर्ज साध्या कागदावर चालतो का?

रिटायर्ड_अण्णा: चालतो. दोन प्रती न्या.

पुणेस्थित: त्या बाई भाकऱ्या पुण्याला पाठवतात का? सोबत शेंगाचटणी मिळाली तर उत्तमच.