'अलकनंदा': दीर्घिका की आकाशगंगा? जुनी की तरुण?

पाचपाखाडीकर
नमस्कार मंडळी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मराठी फलक लावायचे आहेत. माझ्या वाट्याला 'अलकनंदा' आली आहे. पुण्याच्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतले राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांना ती जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत सापडली. बातमी नोव्हेंबर २०२५ मधली. कच्चा मजकूर असा:

"विश्वाचे वय जेमतेम दीड अब्ज वर्षे असतानाची ही अतिशय जुनी आकाशगंगा आपल्यापासून १२ अब्ज प्रकाशवर्षे दूर आहे. तिला दोन सुरेख सर्पिल बाहू आहेत. तिची ताम्रसृती सुमारे ४.०५ आहे."

गॅलेक्सीला आकाशगंगा लिहू की दीर्घिका? दीर्घिका लिहिलं तर तिसऱ्या मजल्यावरचे काका "हे काय असतं?" विचारणारच. 'ताम्रसृती' कोणाला कळेल का? कुठेतरी 'ताम्रच्युती'सुद्धा वाचलंय. आणि अब्ज ठेवू की कोटी करू?

घोडबंदररोड
सरळ गॅलेक्सी लिहा. निम्म्या सोसायटीच्या खिशात त्याच नावाचा फोन असेल.

खगोलवेडी
गॅलेक्सी चालेल, पण आकाशगंगा नको. आकाशगंगा हे आपल्या स्वतःच्या गॅलेक्सीचं विशेषनाम आहे. अमावास्येच्या आसपास वांगणीला जाऊन वर बघितलं की जो फिकट पट्टा दिसतो, तो. (ठाण्यातून दिसत नाही, म्हणून आपण ते नाव कोणालाही वाटत सुटलो असू.) एक वाक्य लिहून बघा. अलकनंदेत वर्षाला साधारण ६० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे तारे घडत होते, म्हणजे आपल्याकडच्या आजच्या वेगाच्या वीसेक पट. आता हे तुमच्या शब्दांत: "ही आकाशगंगा आकाशगंगेच्या वीसपट वेगाने तारे घडवत होती." काकांना कळेल?

पाचपाखाडीकर
नाही कळणार. मलाच दोनदा वाचावं लागलं.

जुना_कोश
दीर्घिका हा शब्द कोणीतरी समितीत बसून पाडला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट तळं, राजवाड्याच्या बागेत असायचं तसं. आणि अमरकोशात स्वर्गातल्या गंगेची नावं एका ओळीत दिली आहेत: "मन्दाकिनी वियद्गङ्गा स्वर्णदी सुरदीर्घिका". वियत् म्हणजे आकाश, म्हणजे वियद्गंगा ही शब्दशः आकाशगंगाच. तिच्याच शेजारी सुरदीर्घिका, देवांचं लांबट तळं. तेव्हा दोन्ही शब्द एकाच घरातले. थोरलीचं नाव आपल्या घराला ठेवायचं आणि धाकटीचं बाकी सगळ्यांना, ही वाटणी मला तरी पटते. 'तारकाविश्व'ही वाचलंय, पण त्यात विश्व आलं की पुढच्याच ओळीतल्या खऱ्या विश्वाशी गोंधळ होतो.

गंमत म्हणजे हिंदीवाल्यांनी त्याच ओळीतला पहिला शब्द उचलला. तिकडे आपल्या आकाशगंगेला मंदाकिनीही म्हणतात. अलकनंदा हे नावही त्यावरूनच आलं: मंदाकिनीची बहीण, कारण तीही आपल्यासारखीच सर्पिल. हिमालयात मंदाकिनी रुद्रप्रयागला अलकनंदेला मिळते, आणि पुढे देवप्रयागला भागीरथी भेटली की तिची गंगा होते. नावं ठेवणाऱ्यांना दाद द्यायला हवी. नाहीतर अशा दीर्घिकांच्या वाट्याला एरवी गाडीच्या नंबरप्लेटसारखे आकडे येतात.

घोडबंदररोड
लांबट तळं म्हणजे दीर्घिका, तर आपला ठाण्याचा मासुंदा तलावही दीर्घिका. ठाणं म्हणजे दीर्घिकांचा समूह! कोश काका, मी माझं गॅलेक्सी मागे घेतो.

ऐरोलीच्या_बाई
तुम्ही सगळे नामात अडकलात. मला विशेषण खटकतंय. "अतिशय जुनी" का? चित्रात जी दिसते ती तर अगदी कोवळी आहे! आजोबांचा मुंजीतला फोटो घ्या. फोटो जुना असतो, फोटोतला मुलगा आठ वर्षांचाच. वेबच्या आरशावर पडलेला प्रकाश जुना, दीर्घिका तरुण. बातम्यांत सर्रास घोटाळा होतो. मॉम-झेड१४ नावाची दीर्घिका २०२५ मध्ये गाजली. महास्फोटानंतर जेमतेम २८ कोटी वर्षांनी ती जशी होती तशी आपल्याला दिसते. लगेच "सर्वात जुनी दीर्घिका सापडली".

आणि अलकनंदेच्या बाबतीत 'जुनी' म्हटलं की बातमीच मरते. अशी दोन रेखीव बाहूंची, नीट बसलेली चकती घडायला काही अब्ज वर्षं लागत असावीत असा समज होता. इथे विश्वच दीड अब्ज वर्षांचं, आणि हिच्यात व्यास सुमारे ३०,००० प्रकाशवर्षं, ताऱ्यांचं वस्तुमान दहा अब्ज सूर्यांच्या आसपास, आणि त्यातले निम्मे तारे केवळ २० कोटी वर्षांत तयार झालेले. हिला मराठीत अचूक शब्द आहे: अकालप्रौढ. किंवा आपल्या घरात म्हणतात तसं, वयाच्या मानानं पोक्त.

खगोलवेडी
पोक्त! बाई, हे फलकावर यायलाच हवं.

पाचपाखाडीकर
पण बाई, ती तेव्हा तरुण होती, तर आज जुनीच असेल ना?

ऐरोलीच्या_बाई
आज ती आहे का, दुसरीत मिसळून गेली का, कोणाला दिसतंय? फलक दिसणाऱ्या गोष्टीवर लिहायचा. 'आरंभकाळातली' लिहा. 'आद्य' नको, त्यात पहिलेपणाचा दावा येतो, आणि 'प्राचीन' म्हटलं की अंबरनाथचं देऊळ आठवतं.

खगोलवेडी
"१२ अब्ज प्रकाशवर्षे दूर" हेही बदला. प्रकाश १२ अब्ज वर्षांहून थोडा जास्त काळ वाटेत होता, इतकंच. तेवढ्या काळात मधलं अवकाश ताणलं गेलं, त्यामुळे आजचं अंतर काढलं तर ते सुमारे २४ अब्ज प्रकाशवर्षं निघतं. तेव्हा अंतर लिहूच नका, प्रवासाचा काळ लिहा.

जुना_कोश
आणि कोटीत लिहा. अब्ज म्हणजे शंभर कोटी हे शाळेत पाठ केलेलं असतं, पण हाताशी नसतं. कोटी ठाण्यात फ्लॅटच्या भावांमुळे लहान पोरालाही कळतो. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, त्यातून दीडशे गेले की प्रकाशाचा प्रवास १२३० कोटी. वजाबाकी फलकासमोर उभ्या उभ्या होते.

घोडबंदररोड
ताम्रसृतीचं राहिलं. मला तर तांब्याची कळशी दिसते.

जुना_कोश
तानापिहिनिपाजा विसरलात? तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. ताम्र म्हणजे त्यातला तांबडा. दुसऱ्या टोकाला जांभळा, आणि त्याच्या पलीकडचा तो जंबुपार. हल्ली 'अतिनील' म्हणतात, पण जंबुपारची सर नाही. सृती म्हणजे सरकणं, अपसरण आणि प्रसृतमधला तोच धातू. च्युतीत पडणं येतं, पदच्युत, स्थानच्युत. प्रकाश काही पदावरून पडत नाही, तो सरकतो. म्हणून मला सृती बरी वाटते.

खगोलवेडी
शब्द चांगला आहे, पण एकटा सोडू नका, नाहीतर प्रकाश तांबडा होतो एवढंच डोक्यात राहतं. ताम्रसृती ४.०५ म्हणजे प्रत्येक तरंगलांबी ५.०५ पट ताणली जाते, एक अधिक ४.०५. हायड्रोजनच्या प्रकाशातली तांबडी रेषा मुळात ६५६ नॅनोमीटरची. अलकनंदेकडून येता येता ती साधारण ३.३ मायक्रॉन होते (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर). तांबडीच होती, ती तांबड्याच्याही पार गेली. हबल दुर्बीण साधारण १.७ मायक्रॉनपर्यंतच पाहते, त्यामुळे ही रेषा तिच्या हाती लागतच नाही. वेब ०.६ पासून २८ मायक्रॉनपर्यंत पाहते, म्हणून तिचं इथे काम. शिवाय वाटेत अबेल २७४४ हा दीर्घिकांचा समूह आहे. त्याच्या गुरुत्वामुळे भिंगासारखा परिणाम होऊन अलकनंदा सुमारे दुप्पट तेजस्वी दिसते. हे 'गुरुत्वीय भिंग' मात्र जसंच्या तसं चालतं, शब्द स्वतःच समजावतो.

घोडबंदररोड
३.३ मायक्रॉन म्हणजे अवरक्त ना? तो शब्द ऐकला की हिमोग्लोबिन कमी झाल्यासारखं वाटतं.

ऐरोलीच्या_बाई
वर्गात मी अवरक्त शिकवते आणि इन्फ्रारेड बोलते. फलकावर इन्फ्रारेडच ठेवा, रिमोट कंट्रोलमुळे मुलांना माहीत आहे.

पाचपाखाडीकर
सगळ्यांचे आभार. नवा मजकूर:

"विश्व दीडशे कोटी वर्षांचे असताना ही दीर्घिका जशी होती, तशी ती वेब दुर्बिणीला दिसली. तिचा प्रकाश १२३० कोटी वर्षे प्रवास करून आला. वाटेत तो ताणला गेला आणि तांबड्याकडे सरकला: हीच ताम्रसृती. अलकनंदेसाठी ती सुमारे ४.०५ आहे. वयाच्या मानाने अलकनंदा फारच पोक्त होती."

खाली बारीक अक्षरांत: दीर्घिका म्हणजे गॅलेक्सी. आपल्या दीर्घिकेचे नाव आकाशगंगा. काकांसाठी.

ऐरोलीच्या_बाई
छान. फक्त 'सर्पिल बाहू' कुठे गेले? पोक्त का म्हणायचं ते त्यांच्यामुळेच कळतं.

पाचपाखाडीकर
घालतो. 'सर्पिल' की 'नागमोडी'?

जुना_कोश
सर्पिल. नागमोडी वाट नुसती वळणं घेत पुढे जाते, मध्याभोवती गुंडाळत नाही.